हात मागं घेणं

गिरजा,

डॉक्टरनं तुझ्या अंगठ्याच्या नखावर पेन आडवा ठेवला अन् दाबला. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. त्याचं स्वतःचं बोट पांढरं पडलं इतकं दाबलं त्यानं. पाहूनच माझ्या पायाचा अंगठा आखडला. तू तशीच. मंग त्यानं दुसऱ्या हाताचं नख घेतलं, मंग भुवईच्या हाडावर अंगठा रोवला. तू तशीच. सिस्टरकडं पाहून तो म्हणला, "नो फ्लिंच." सिस्टरनं लिहून घेतलं.

मले शाळा चौथीपुरती. पण 'नो' म्हणजे काहीतरी नाही, एवढं समजते. काय नाही, ते समजलं नाही. अन् जे नाही ते तुझ्यातलं होतं, म्हणून मले समजून घेणं भाग होतं.

बाहेर बाकड्यावर आपली सुनंदा बसली होती. पोराइले इंग्रजी शिकवते, तिच्याशिवाय कोणाले विचारणार? म्हटलं, "फ्लिंच म्हणजे काय वं?"

तिचे डोळे रडून लाल झाले होते, पण शब्द विचारला की मास्तरीण जागी होते तिच्यातली.

"दचकणं काय?" मीच म्हटलं.

"दचकणं नाही बाबा. दचकायले आवाज लागते, अचानक काही व्हावं लागते."

"मंग बुजणं. बैल बुजते तसं."

"बुजण्यात भेव असते. यात भेव नसलं तरी चालते. तव्याले बोट लागलं की हात काढू का नोको असं आपण ठरवतो काय? हात आधी निघते, चटका मंग समजते. ते जे आधी निघणं आहे नं, ते." मंग म्हणली, "वर्गात मी खडू फेकल्यासारखं करते. खडू हातातच असते, तरी पुरी लाईन डोकं मागं घेते. मी म्हणते, हे पाहा, हेच फ्लिंच. मंग वर्षभर कोणी विसरत नाही."

"मंग आपल्यात त्याले शब्द काय?"

"एकच असा नाही. चरकणं म्हणा, अंग चोरणं म्हणा, हात मागं घेणं म्हणा. जिथं जे बसंन ते." मंग भिंतीकडं पाहून म्हणली, "अन् एखादं काम कडू असते. करावं तं लागते, पण माणूस त्याच्यापुढून मागं सरते. त्यालेही हाच शब्द वापरतात."

हे ती मले उद्देशून बोलली का नुसता शब्द पुरा केला, मले माहीत नाही. मी विचारलं नाही.

कारण काम कडू होतं. डॉक्टरनं आमाले आधीच सांगतलं होतं की डोक्यात रक्त लय पसरलं, श्वास मशीन घेऊन राह्यली, चिरफाड करून फायदा नाही. इथं ठेवा का घरी न्या, तुम्ही घरचे ठरवा. आपला संजू म्हणला घरी. सुनंदा गप्प राह्यली, म्हणजे तिचंही घरी. मी म्हटलं नाही.

तू काय सांगून ठेवलं होतं ते मले याद नव्हतं असं नाही. तुझी भावजय नळ्या लावलेल्या अवस्थेत गेली, तिची माती करून आपण जीपमधून परत येत होतो. तू खिडकीकडं तोंड करून म्हणली, "मले असं ठेवू नोका. धुगधुगी असतानी घरी आणा, आपल्या ओट्यावर टाका." मी म्हटलं, काय अभद्र बोलून राह्यली. तू म्हणली, "हाव म्हणा." जीपमधी लोक होते. मी हळूच म्हटलं, हाव.

पण धुगधुगी म्हणजे किती, हे कोण सांगणार? तू आत जागी असशीन अन् आम्ही मशीन काढली तं? माणूस मारायचा अन् वर म्हणायचं तिचीच इच्छा होती? म्हणून मी त्या नखाच्या परीक्षेवर अडून बसलो. म्हटलं, परीक्षाच चुकीची आहे. ही बाई मागं हटणारी नाहीच.

आपण कांद्याचं बी धरतो. हे त्या डॉक्टरले पहिल्यापासून सांगावं लागलं. कांदा लावायचा, त्याले दांडा येऊ द्यायचा, दांड्यावर पांढरा गोंडा फुलते, अन् मधमाशा आल्या तरच त्या गोंड्यात बी भरते. माशी नाही तं बी नाही. म्हणून फुलाच्या दिवसात त्या वावरात हात तं चालवायचे, पण माशीले राग येऊ द्यायचा नाही.

तुले तो दिवस याद असंन. नव्या बाया कामाले आल्या होत्या. एकीच्या कानापाशी माशी गेली तं तिनं "या माय!" करून पदर झटकला. झालं. भुर्र करून पुरा थवा उठला. बाया पळत सुटल्या. तू ओरडली, "पळू नोका वं भवान्यांनो, खाली बसा, दगड व्हा दगड!" अन् तू स्वतः उभीच राह्यली. तुझ्या पापणीवर माशी बसलेली मी बांधावरून पाह्यली. तिनं डंख मारला तेही पाह्यलं. तुझी पापणी हलली नाही. माशा बसल्यावर तू सावकाश बाहेर आली, एक डोळा मिटलेला.

मी म्हटलं, "दुखलं नाही काय?"

"दुखलं नं. दुखलं म्हणून नाचू काय? मी नाचली असती तं त्या साऱ्या तुमच्यावर आल्या असत्या. तुमाले तं पळताही येत नाही."

असे डंख खाऊन खाऊन तू हलायचंच सोडून दिलं होतं. उकळता चहा हातावर सांडला तरी आधी कप नीट खाली ठेवणारी बाई तू. डॉक्टरले म्हटलं, "साहेब, हिच्या नखावर पेन दाबून काय होते? ही सहन करून राह्यली असंन."

पोरगेला डॉक्टर, पण माणूस चांगला. त्यानं मले घाई केली नाही. म्हणला, "बाबा, ते त्या जाग्या असतानाचं. मनानं थांबवलेलं. मी जे तपासतोय ते मनाच्या खालचं आहे. झोपलेल्या माणसाला चिमटा काढला तरी तो हात ओढतो. तुम्ही पाहिलं असेल ना?"

"साहेब, झोपलेल्या या बाईले चिमटा काढाची हिंमत पुऱ्या धाड गावात कोणाची नाही."

तो हसला अन् लगेच थांबला. सिस्टर माझ्याकडं पाहत होती. माझं तोंड तवा सुजून भोपळा झालं होतं. पहिल्या दिवशी तं तिनं मलेच पेशंट समजून खाटेवर बसवलं होतं. का सुजलं, ते तुले माहीत नाही, म्हणून सांगतो. तू वावरात पडली तवा गोंड्याच्या मधोमध पडली. त्याआधी आपलं बांधावर भांडण झालं होतं. पातीवर करपा दिसत होता. मी म्हणत होतो औषध फवारतो, तू म्हणत होती फुलात फवारा माराल तं माशा मरतीन, अंधार पडेपर्यंत दम धरा. मी म्हटलं तुले वावरापेक्षा माशा प्याऱ्या. तू सरळ वावरात आत गेली. थोड्या वेळानं दांडे हलले. मले वाटलं तू खाली बसून गवत उपटून राह्यली. मंग दांडे हलायचे थांबले.

मी दांडे मोडत पळत आलो, तवा तुझ्या लुगड्यावर माशा बसल्या होत्या, कपाळावर बसल्या होत्या, अन् एकीनंही तुले डंख मारला नव्हता. मले मारले. मी तुले उचलू लागलो अन् हात झाडू लागलो, दोन्ही एकदाच. तू शुद्धीवर असती तं शिव्या घातल्या असत्या.

तं डॉक्टरचं मले पटलं नाही. संजूशी वाजलं. दवाखान्याच्या पायऱ्यावर तो म्हणला, "बाबा, आई दगड नाही बनून राह्यली. ते तुमचं वावर नाही."

"तुले घाई काऊन झाली बे? मायचा भार झाला काय?"

हे मी म्हणायले नव्हतं पाह्यजे. संजू खाली पाहून म्हणला, "भार नाही झाला. तिनं जीपमधी म्हटलं तवा मी पुढं ड्रायव्हरजवळ होतो. तुम्ही हळू बोलले, पण मी ऐकलं. तुम्ही हाव म्हटलं होतं."

मी उठून पाणी प्यायले गेलो. तहान नव्हती.

आता जे लिहितो ते मी पोराइले सांगतलं नव्हतं. तुले मागं हटवणारी एक गोष्ट मले माहीत होती. पहिल्या दिवसापासून माहीत होती. नखाची नाही, चटक्याची नाही. अन् ती परीक्षा फक्त मलेच घेता येत होती.

चारचौघांत मी तुझा हात धरला की तू हिसका देऊन काढून घेत होती. लग्नात धरला तवा काढला नाही, पण तवा तो बामणानं धरवला होता. त्यानंतर लोकांत एकदाही धरू दिला नाही. लोणारले गेलो होतो, त्या सरोवराच्या पायऱ्या उतरताना तुझा पाय सरकला म्हणून मी हात धरला. तू असा हिसका दिला की तू स्वतःच धपकन खाली बसली. बाजूचे लोक हसले. मी म्हटलं, "आता पडली नं?" तू लुगडं झाडत म्हणली, "पडली तं पडली. तुमाले लाज नाही? लोक पाहून राह्यले." बाजाराच्या दिवशी धाडच्या स्टॅण्डवर एस्टीतून उतरताना मी खालून हात देत होतो, तू दांडी धरून उतरत होती. गुडघे गेले तरी दांडीच. अन् सुनंदाच्या पोरीच्या लग्नात फोटोवाला म्हणला, आजोबा, आजींचा हात हातात घ्या. मी घेतला. तू तं विचार करून काढला नसंन, तो आपोआपच निघाला. फोटोवाला म्हणला, "आजी हलल्या, फोटो बिघडला." त्या फोटोत तुझं तोंड चांगलं आलं अन् हात धुक्यावाणी आला. दुसरा काढू दिलाच नाही तू.

एकांतात तू कधी हात काढून घेतला नाही. ही लिहायची गोष्ट नाही. पण आता मले कोण रागवणार?

सुनंदानं तव्याचं सांगतलं तवाच मले समजलं होतं. हात आधी निघते, मंग समजते. तुझ्या अंगात मनाच्या खाली काही शिल्लक असंन तं ते इथं असंन. पेनात नाही. भेटीच्या वेळेत कोणी नसताना मी तुझा हात धरून बसत होतो. गरम होता. बोटाच्या शिरा जागच्या जागी होत्या, अंगठ्यावर विळ्याचा जुना वण. तू काढून घेतला नाही. मी मनाले म्हटलं, एकांत आहे, ती काऊन काढंन? लोक आत आले की मी सोडून देत होतो.

समजलं नं? लोक आले की तूच काढत होती आयुष्यभर. आता मी सोडू लागलो. कारण लोकांत धरला अन् तू काढला नाही, तं मंग मले काही म्हणायले जागाच राहत नव्हती. सारे आले की मी हात पाठीमागं बांधून उभा राहायचो, पाहुण्यावाणी. सुनंदा एकदा म्हणली, "बाबा, आईच्या हाताले हात तं लावा."

"नोको."

"काऊन?"

"नोको म्हटलं नं."

तिनं परत विचारलं नाही. पण मास्तरीण आहे. मागं सरणारं माणूस तिले वर्गात रोज दिसते.

संजूशी वाजल्यावर दुसऱ्या सकाळी मोठी राऊंड आली. डॉक्टर, त्याच्याबरोबर दोघं, सिस्टर, फरशी पुसणारी बाई, संजू, सुनंदा. एवढे लोक तुझ्या खाटेभोवती कधी नव्हते. डॉक्टरनं परत पेन काढला. मी म्हटलं, "साहेब, थांबा. मले पाहू द्या एकदा."

कोणाले काही समजलं नाही. मी पुढं झालो अन् साऱ्याइच्या देखत तुझा हात हातात घेतला. लपवून नाही. वर उचलून, फोटोवाल्यानं धरायले लावला होता तसा. फरशी पुसणाऱ्या बाईनं पोछा थांबवला. मी मनात म्हणत होतो, लोक पाहून राह्यले वं. संजू पाहून राह्यला. परकी माणसं पाहून राह्यली. लाज सोडली काय? काढ. दे हिसका.

हात हलला.

मीच पाह्यलं असं नाही, सुनंदा ओरडली, "बाबा, हलला!" संजू खाटेपाशी धावला. मी डॉक्टरकडं पाह्यलं. त्यानं हळूच येऊन माझं मनगट धरलं. घट्ट नाही, नुसतं धरलं. हात हलायचा थांबला. त्यानं माझं मनगट सोडलं, परत हलू लागला. परत धरलं, परत थांबला.

थरथरत मी होतो.

मशीन तेवढी फस् फस् करत होती. मी हात सोडला नाही. जरा अजून थांबलो, तुले वेळ दिला. डंख मारल्यावरही तू सावकाशच बाहेर येत होती, म्हणून. मंग डॉक्टरले म्हटलं, "साहेब, तुमचं बराबर होतं." अन् संजूले म्हटलं, "गाडी सांग. तुझी माय घरी येते."

पोरगं माझ्या गळ्यात पडलं. ते पायऱ्यावरचं बोलणं आमी दोघंही परत काढलं नाही. तूही काढू नोको.

गाडीत एक पोऱ्या फुगा दाबून तुले हवा देत होता. मी बाजूले बसलो, हात हातात. बाजाराचा दिवस होता हे कोणाच्या ध्यानात नव्हतं. धाडात शिरलो अन् गाडी मुंगीवाणी चालू लागली. ड्रायव्हर हॉर्न मारते, लोक गाडे सरकवतात. भाजीवाल्या बायाइनं काचेतून आत पाह्यलं. "गिरजामाय व्हय काय वं ती?" एक म्हणली. दुसरी काचेले तोंड लावून म्हणली, "हाव वं. अन् बुढ्यानं हात धरला पाहा." ज्या स्टॅण्डवर तू दांडी धरून उतरत होती, ज्या गल्लीतून माझ्या मागं चार पावलं चालत होती, तिथून मी तुझा हात धरून आलो. पुरं गाव पाहत होतं. मी सोडला नाही. एवढं बिनलाज मी कधी वागलो नव्हतो.

ओट्यावर टाकलं तुले. सांगतलं होतं तसं. फुगा काढल्यावर तू थोडा वेळ आपलं आपण घेतला श्वास. ऊन पायरीपर्यंत आलं होतं, ते ओट्यावर चढायच्या आत गेली.

तं जीपमधी म्हटलेलं हाव मी पाळलं. उशीर केला, पण पाळलं. हे तुले सांगायचं होतं. तुझ्यासंगं जगणं सोपं नव्हतं हेही सांगायचं होतं, अन् तुझ्याशिवाय कसं आहे ते सांगत नाही, तू म्हणशीन नाचू नोका. फवारा मी मारला नाही. माशा येऊन राह्यल्या. करपा वाढला, अन् मले अजूनही वाटते मारायले पाह्यजे होता. हे भांडण माझ्याकडून बाकी आहे.

काल संजूनं तुझा फोटो मोठा करून आणला. त्या लग्नातलाच. तुझे फोटोच कमी. त्यानं नुसतं तोंड कापून घेतलं होतं, खालचा भाग काढून टाकला. म्हणला, "बाबा, हात पुसट आहे त्यात. दिसायले बरं नाही दिसत."

मी म्हटलं, "हा नोको. पुरा आण."

"अहो, तुम्हीही येता त्यात. जित्या माणसाच्या फोटोले हार घालतात काय?"

"माझ्यावर कागद चिकटव. पण हात पाह्यजे."

सुनंदानं भावाकडं पाह्यलं अन् मान हलवली. तिले समजलं होतं. आज पुरा फोटो लावला. माझ्या तोंडावर पांढरा कागद आहे, लोक आले की हसू दाबतात. तुझं तोंड चांगलं दिसते. अन् खाली तुझा हात नीट दिसत नाही. माझ्या हातातून निघून राह्यला आहे.